व्हॉल्व्हच्या पाठीवरची काजळी

घरी काजळ धरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मोटारीच्या इंजिनात कार्बन कसा साचतो हे निम्मे आधीच ठाऊक आहे. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा लावायचा आणि ज्योतीवर तांब्याचे ताम्हन पालथे धरायचे. ज्योत मोकळी जळत असते तोवर धूर फारसा दिसत नाही. थंड धातू तिच्या माथ्यावर आला की वरचा भाग जळायचा राहतो आणि अर्धवट जळलेला कार्बन ताम्हनाला चिकटतो. थोड्या वेळाने बोटाला लागेल एवढा काळा थर तयार. तेल चांगले असते, वातही स्वच्छ असते. ज्योतीला थंडावा लागला आणि हवा अडली, एवढेच काय ते घडलेले असते. गॅरेजमधला मेकॅनिक प्लग काढतो, उजेडाकडे धरतो आणि म्हणतो, "कार्बन धरलाय." तो आजीचेच क्रियापद वापरत असतो.

हा शब्द आता सर्व्हिसिंगच्या बिलावर वारंवार दिसू लागला आहे. गाडी तीन-चार वर्षांची, चाललेली जेमतेम तीस-चाळीस हजार किलोमीटर, आणि सर्व्हिस ॲडव्हायझर सांगतो, "सर, डीकार्ब करून घ्या, पिकअप सुधारेल." मालकाच्या मनात दोनच शंका येतात. एक, पेट्रोलमध्ये भेसळ आहे; दोन, हा आपल्याला गंडवतो आहे. दोन्ही शंकांना आपल्याकडे पुरेसा आधार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बहुतेक वेळा कार्बनचे कारण या दोहोंच्या बाहेर असते. इंजिन कसे बांधले आहे आणि गाडी रोज कशी चालते, या दोन गोष्टींच्या जोडीतून ते येते. यातली पहिली गोष्ट गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या बाजारात फार बदलली, आणि गाडी विकताना ते कोणी नीट समजावून सांगितले नाही. दुसरी गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कारण म्हणून पाहायचे सुचतच नाही.

पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लहानमोठ्या साखळ्यांचे मिश्रण. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. हे प्रमाण जमले, पेट्रोलची पूर्ण वाफ झाली आणि ती हवेत सारखी मिसळली, तर मागे उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. पण इंजिनाला निवांतपणा कुठला? मिनिटाला 3,000 फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला 25 वेळा ठिणगी पडते. दर खेपेस हवा आत घेणे, दाबणे, जाळणे, बाहेर टाकणे एवढे सगळे उरकायचे असते. प्रत्यक्ष जळण्याच्या वाट्याला काही मिलिसेकंद येतात. त्यातही सिलिंडरच्या भिंतीलगत आणि पिस्टनच्या कडेच्या फटीत ज्योत पोहोचतच नाही, कारण धातू तिची उष्णता शोषून घेतो. ताम्हन तिथेही आहेच.

इंजिन थंड असते तेव्हा ही अडचण वाढते. थंड धातूवर पेट्रोलची वाफ होत नाही, म्हणून गाडीचा संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. पूर्वी चोक ओढून आपण हेच करत होतो. त्यातले काही थेंब पिस्टनच्या माथ्यावर पातळ पदार्थ म्हणूनच पसरतात आणि डबक्यासारखे धुरकट जळतात. प्लगच्या टोकावर बसलेला कार्बन जळून जायला त्या टोकाचे तापमान साधारण 450 अंश सेल्सियसच्या वर जावे लागते. घरापासून मंडईपर्यंतच्या फेरीत ते नेहमी तिथवर पोहोचेलच असे नाही.

ही झाली ज्योतीची काजळी, कोरडी आणि भुकटीसारखी. इंजिनातल्या काळेपणाचा दुसरा प्रकार निराळा आहे आणि आजच्या तक्रारींत त्याचा वाटा मोठा आहे. भजी तळायच्या जुन्या कढईची बाहेरची बाजू आठवून पाहा. तिथे साचलेला काळा, चिवट, नखाने निघत नाही असा राप ज्योतीचा नसतो. तो कडेवरून ओघळलेल्या तेलाचा असतो. तेल तापत राहते, घट्ट होते, त्याची लाख होते, तिच्यावर पुढचा ओघळ बसतो. इंजिनात हवा आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवर नेमके हेच होते. ज्वलन व्हॉल्व्हच्या पोटाकडे, सिलिंडरच्या आत होत असते. पाठ मात्र हवा येते त्या नळीत असते. तिथे आग नाही, आहे ती तेलाची वाफ आणि तापलेला धातू.

दोन्ही प्रकारांना आपण एकच शब्द वापरतो आणि घोटाळा तिथून सुरू होतो, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

जुन्या पिढीला कार्बनचे नवल नव्हते. टू-स्ट्रोक स्कूटरच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. पंपावर त्यासाठी वेगळे हातपंपाचे भांडे असे आणि लिटरमागे वीसेक मिलिलिटर ऑइल पडले की पेट्रोलला रंग येई. ते ऑइल पेट्रोलबरोबर जळायचे, पण पुरते नाही. प्लग काळा पडे, रस्त्याच्या कडेला स्कूटर उभी करून तो पॉलिश पेपरने घासणे हा गाडी चालवण्याचाच भाग होता. सायलेन्सर तुंबला की मेकॅनिक तो काढून सरळ जाळात टाकी. आतला कार्बन पेटून संपला की हातोडीने ठोकून राख झाडायची आणि सायलेन्सर परत बसवायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजपुढे असा जाळ संध्याकाळी हमखास दिसे, आणि त्याचा वास वाऱ्याबरोबर थेट स्वयंपाकघरात येई. कार्ब्युरेटरच्या मोटारींचेही असेच. ठरावीक अंतर झाले की हेड खोलायचे, पिस्टनचा माथा आणि व्हॉल्व्ह खरवडायचे, व्हॉल्व्ह घासून बसवायचे. काही गाड्या किल्ली काढून घेतल्यावरही दोन-चार गचके देत चालू राहत. ठिणगी बंद झालेली असे, पण आतल्या कार्बनचा लाल निखारा पेट्रोल पेटवत राही. पेट्रोलमध्ये शिसे होते तेव्हा त्याचा थर वेगळाच. देशभरात शिसेविरहित पेट्रोल फेब्रुवारी 2000 पासून सुरू झाले.

त्याच सुमारास कार्ब्युरेटर गेले आणि एमपीएफआय आले. प्रत्येक सिलिंडरच्या दाराशी एक इंजेक्टर, धूर हुंगून मिश्रण कमीजास्त करणारा ऑक्सिजन सेन्सर, आणि या सगळ्यावर देखरेख करणारा संगणक. हेड खोलून कार्बन काढणे हा प्रकार पुढच्या पिढीला ऐकूनही ठाऊक राहिला नाही. यात एक भाग्याचा योग होता आणि त्याची किंमत आपल्याला तो हुकल्यावर कळली. एमपीएफआयमध्ये पेट्रोलचा फवारा बरोबर व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो. पेट्रोल हा उत्तम विद्रावक आहे, त्यात डिटर्जंट असेल तर अधिकच. म्हणजे दर खेपेस, मिनिटाला शेकडो वेळा, ती पाठ आपोआप धुतली जात होती.

पण मुळात तिथे तेल येते कुठून? ही गोष्ट कॅलिफोर्नियातली आहे आणि सांगण्याजोगी आहे. पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी ज्वलनातला थोडा वायू त्यांच्या बाजूने खाली तेलाच्या भागात उतरतोच. तिथे तो तेलाची वाफ आणि बारीक तुषार घेऊन दाब वाढवतो. पूर्वी त्याला वाट म्हणून एक नळी गाडीखाली सोडलेली असे. जुन्या गाडीखाली रस्त्यावर काळा डाग पडे त्यात या नळीचाही हातभार असे. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास सुरू झाला तेव्हा लक्षात आले की मोटारीतून बाहेर पडणाऱ्या न जळलेल्या पेट्रोलचा बराच भाग सायलेन्सरमधून येतच नाही, या नळीतून येतो. मग 1960च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाने ती नळी बंद करून तो वायू परत इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडायची सक्ती केली. वाहनांच्या प्रदूषणावरच्या अगदी पहिल्या उपायांपैकी हा एक, आणि स्वस्तात मोठा फरक पाडणारा. आज जगातल्या जवळपास प्रत्येक पेट्रोल-डिझेल मोटारीत ही व्यवस्था आहे. तेव्हापासून तेलाची वाफ रस्त्यावर न जाता इंजिनाच्याच श्वासात जाते.

पुढे नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर बंधने आली. ते कमी करायचे तर ज्योतीचे तापमान खाली आणायला हवे, म्हणून धुराचाच काही भाग हवेबरोबर पुन्हा आत घ्यायचा, ही एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशनची, म्हणजे ईजीआरची युक्ती आली. तेलकट वाफेत आता काजळीही मिसळली. चिकट भिंतीवर धूळ बसावी तशी ती बसते. डिझेल इंजिनाचा हवेचा मॅनिफोल्ड लाखभर किलोमीटरनंतर खोलून पाहिला तर निम्मी वाट डांबरासारख्या चिखलाने भरलेली आढळू शकते, ती या दोघांच्या संगनमताने.

एवढे सगळे असूनही पेट्रोलच्या गाड्यांत व्हॉल्व्ह बऱ्यापैकी स्वच्छ राहत होते, कारण धुणे चालू होते. थेट इंजेक्शनने ते थांबवले. पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर न फवारता 150 ते 350 बार इतक्या दाबाने थेट आत सोडायचे, ही कल्पना जुनी आहे. मर्सिडीजच्या 1954 सालच्या 300 एसएल या गाडीत ती यांत्रिक स्वरूपात होती. संगणकाच्या ताब्यातले, हजारोंनी खपणारे रूप मित्सुबिशीने 1996 मध्ये गॅलंटमध्ये आणले. फायदा खरा आहे. पेट्रोलची वाफ आतच झाल्याने हवा थंड होते, ठोके बसत नाहीत, म्हणून जास्त दाब आणि टर्बो दोन्ही पेलतात. लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद निघते आणि कागदावरचे मायलेज वाढते. मात्र पेट्रोलचा एक थेंबही आता व्हॉल्व्हच्या पाठीवर पडत नाही. तेलाची वाफ येतच राहते. धुणारा गेला, मळवणारा राहिला.

आपल्याकडे ही इंजिने सुरुवातीला महागड्या जर्मन गाड्यांतच होती. आता ती कुटुंबाच्या गाडीत आली आहेत. फोक्सवॅगन आणि स्कोडाची चाकणला बनणारी टीएसआय, ह्युंदाई आणि कियाची टर्बो जीडीआय, महिंद्राची एमस्टॅलियन टीजीडीआय, टाटांच्या कर्व्हमधले 1.2 लिटरचे हायपेरियन, मारुतीच्या फ्रॉन्क्समधले बूस्टरजेट ही सगळी थेट इंजेक्शनची. याच कंपन्यांच्या दुसऱ्या गाड्यांत, कित्येकदा त्याच गाडीच्या स्वस्त प्रकारात, साधे एमपीएफआय इंजिन असते. टर्बो म्हणजे थेट इंजेक्शन असेही नाही. टाटांच्या नेक्सॉनचे टर्बो पेट्रोल इंजिन दारापाशीच फवारते. आपल्या गाडीत नेमके काय आहे, हे शोरूममध्ये सनरूफइतक्या आवडीने कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. डीकार्बच्या बिलावर सही करण्याआधी मात्र पहिला प्रश्न हाच असायला हवा.

व्हॉल्व्हच्या पाठीवर थर वाढला की काय होते? हवेची वाट अरुंद होते, हे सगळ्यांना सुचते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिचा प्रवाह बिघडतो. आजची इंजिने हवा ठरावीक भोवऱ्यात आत यावी अशा बेताने घडवलेली असतात; थराच्या खडबडीत गाठींनी तो भोवरा मोडतो, आणि चार सिलिंडरांना चार तऱ्हेची हवा मिळते. सकाळी पहिल्यांदा चालू करताना गाडी थरथरते, मिसिंग मारते, तापल्यावर निवळते. वरच्या वेगात ताकद कमी वाटते. हे इतके हळूहळू होते की रोज चालवणाऱ्याला जाणवत नाही. दिवाळीला घरी आलेला भाऊ एक फेरी मारतो आणि म्हणतो, गाडी जड झाली रे. सिलिंडरच्या आतल्या थराची लक्षणे वेगळी. तिथे जागा व्यापली गेल्याने दाब वाढतो, तापलेला थर निखाऱ्याचे काम करतो आणि चढावर ठोके ऐकू येतात. रिंगांच्या खाचांत कार्बन बसला की रिंगा आखडतात आणि गाडी ऑइल प्यायला लागते. जास्त ऑइल म्हणजे जास्त वाफ, जास्त वाफ म्हणजे जास्त थर.

आता वापराकडे येऊ, कारण या लेखाचे खरे म्हणणे तिथे आहे. गाडीबरोबर मिळणारे मालकाचे पुस्तक बहुतेकांनी उघडलेले नसते. त्यात देखभालीचा एक तक्ता असतो: दर 10,000 किंवा 15,000 किलोमीटरला, अथवा वर्षाला, ऑइल बदला. त्याच्या आसपास बारीक अक्षरांत एक नोंद सापडते. गाडी कठीण परिस्थितीत वापरली जात असेल तर हे काम लवकर करा. कठीण परिस्थिती म्हणजे काय, तर वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या, थांबत थांबत चालणारी वाहतूक, बराच वेळ जागेवर चालू ठेवलेले इंजिन, धूळ आणि कडक ऊन. पुणे, ठाणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरातल्या कोणत्याही माणसाने ही यादी वाचली तर त्याला ते आपल्या मंगळवारचे वर्णन वाटेल. पुस्तकाने ज्याला अपवाद मानले, तो आपला नेम आहे. आणि सर्व्हिस सेंटरची आठवण करून देणारी एसएमएस यंत्रणा मात्र नेमाच्या तक्त्यावर चालते.

अंतर हे मापच इथे फसवे ठरते. ताशी सरासरी 60 किलोमीटरने महामार्गावर धावणाऱ्या गाडीला 10,000 किलोमीटर करायला 167 तास लागतात. घोडबंदर रस्त्यावर किंवा हिंजवडीच्या वाटेवर ताशी 20च्या सरासरीने तेवढेच अंतर कापायला 500 तास. ओडोमीटरवर आकडा सारखा, पण दुसऱ्या गाडीचे तेल तिप्पट काळ घुसळले गेले आणि वाफ तिप्पट काळ व्हॉल्व्हकडे गेली. त्यातही निम्मा वेळ एसी चालू ठेवून जागेवर, म्हणजे धूर बाहेर फेकायला जोर नाही आणि आतली हवा मंद, अशा स्थितीत. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ट्रॅक्टरला तासांचे मीटर असते आणि त्याची सर्व्हिसिंग तासांवर ठरते, कारण नांगरट करताना यंत्र फारसे पुढे सरकत नाही तरी राबत असते. शहरातली मोटार अधिकाधिक ट्रॅक्टरसारखी जगते आणि तिचा हिशेब मात्र एसटीसारखा ठेवला जातो.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, इंजिन लवकर तापते, म्हणून थंड इंजिनाचा बाऊ आपण कशाला करायचा, असे कोणी म्हणेल. ते अर्धे खरे आहे. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचा असतो आणि तो पाच-सात मिनिटांत मध्यावर येतो. तेल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. नातवाला शाळेत सोडून, येताना भाजी घेऊन परतलेल्या गाडीचे तेल पुरते तापलेले नसते. भिंतीवरून त्यात उतरलेले पेट्रोल आणि ज्वलनातले पाणी उडून न जाता तिथेच राहते. अशी गाडी वर्षात चार हजार किलोमीटर चालते, मालक म्हणतो अजून 10,000 कुठे झाले, आणि दोन वर्षे तेल बदलत नाही. जपून वापरलेली, एकाच हातातली, कमी चाललेली गाडी म्हणून जिची जाहिरात करता येईल, तिच्याच पोटात सर्वांत काळे तेल निघते. तक्त्यातल्या "अथवा वर्षाला" या दोन शब्दांना म्हणूनच किंमत आहे.

डिझेलवाल्यांना हा धडा वेगळ्या मार्गाने मिळाला. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाले आणि डिझेल मोटारींना काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. ती भरली की आतली काजळी सुमारे 600 अंशांवर जाळून टाकावी लागते. महामार्गावर धूर तापलेला असतो, त्यामुळे हे काम मालकाच्या नकळत उरकते. शहरात गाडी मुद्दाम जादा डिझेल सोडून तापमान वाढवू पाहते, त्याला साधारण पंधरा-वीस मिनिटे सलग धावणे हवे असते, आणि नेमके तेव्हा सोसायटीचे फाटक येते. अर्धवट राहिलेल्या अशा प्रयत्नांतले काही डिझेल ऑइलमध्ये उतरते. डॅशवर दिवा लागतो. रोजचे येणे-जाणे आठ किलोमीटर असलेल्या माणसाने डिझेल घेऊ नये, हे विक्रेत्याने सांगायला हवे होते. गिऱ्हाइकाला ते टो-व्हॅनच्या चालकाकडून कळते.

उपायांच्या बाजारात आता जरा सावधपणे फिरू. पेट्रोलच्या टाकीत ओतायची बाटली, ज्यात पॉलिइथरअमाइनसारखे चांगले डिटर्जंट असेल, ती इंजेक्टरची टोके आणि ज्वलनकक्ष यांना खरोखर उपयोगी पडते. एमपीएफआय इंजिनात व्हॉल्व्हलाही. थेट इंजेक्शनच्या इंजिनात ती व्हॉल्व्हच्या पाठीला काही करू शकत नाही, कारण ती तिथे पोहोचतच नाही. महागड्या पेट्रोलचेही तेच, शिवाय तिथे एक गैरसमज अधिक: ऑक्टेन वाढल्याने कार्बन निघत नाही, निघाला तर डिटर्जंटने निघतो. इथेनॉलला दोष द्यायची सध्या रीत पडली आहे. 20 टक्के मिश्रणाबद्दल मायलेजची आणि जुन्या रबरी भागांची तक्रार समजण्याजोगी आहे, पण इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याची ज्योत पेट्रोलच्या मानाने कमी काजळी धरते. सीएनजीची त्याहून कमी. मिथेनच्या रेणूत कार्बनचा एकच अणू. रिक्षांचे प्लग अलीकडे वर्षानुवर्षे करडे-तपकिरी दिसतात ते म्हणूनच.

मग येते हायड्रोजनने डीकार्ब. पाण्यातून निघालेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन अर्धा-पाऊण तास इंजिनाला पाजायचा आणि शेवटी सायलेन्सरमधून काळा धूर काढून दाखवायचा, असा हा खेळ ठिकठिकाणी चालतो. वायू जळतो तो सिलिंडरच्या आत. तिथला थोडा थर गेला असे मानले तरी व्हॉल्व्हच्या पाठीकडे ज्योत जाणार कशी, या प्रश्नाला यंत्राशेजारच्या फलकावर उत्तर नसते. शेवटचा काळा धूर तर बराच वेळ जागेवर चालवलेली कुठलीही गाडी एकदम रेस केल्यावर सोडते. अनुभवी मेकॅनिकचा जुना सल्ला, अधूनमधून गाडी महामार्गावर मोकळी पळवून आणा, हा मात्र टाकाऊ नाही. प्लग, पिस्टनचा माथा आणि डीपीएफ यांना त्याचा फायदा होतो. शिवाय तेलातले पाणी उडून जाते. लोणावळ्यापर्यंत जाऊन येण्याला एवढे तांत्रिक निमित्त पुरे आहे. व्हॉल्व्हच्या पाठीचा राप तेवढ्याने निघत नाही.

तो काढायचा खात्रीचा मार्ग एकच, आणि तो हेड खोलून खरवडण्याचा वंशज आहे. हवेचा मॅनिफोल्ड काढायचा, त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करायची आणि अक्रोडाच्या कवचांचा भरडा हवेच्या दाबाने मारायचा. कवच थराला सोलून काढण्याइतके कठीण असते, धातूला चरे पाडण्याइतके नाही, आणि चुकून कण आत गेला तर जळून जातो. हे काम वेळेचे आहे, कौशल्याचे आहे, आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होते. म्हणून ते गरजेपुरतेच करावे. प्लगच्या भोकातून व्हॉल्व्हची पाठ दिसत नाही, पण हवेच्या वाटेतून बारीक कॅमेरा घालून ती पाहता येते. थर डोळ्यांनी दाखवा, मग बिल करा, असे गिऱ्हाइकाने म्हटले तर त्यात संशयाचा भाग नाही. डॉक्टरकडेही आपण एक्स-रे पाहूनच प्लास्टर घालून घेतो.

गाडी बनवणाऱ्यांना हा प्रश्न ठाऊक आहे आणि त्यांच्याकडे उत्तरेही आहेत. टोयोटाने 2005 मध्ये लेक्ससच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर दिले, एक आत आणि एक दारापाशी. त्यामागे ज्वलनाची इतर कारणेही होती, पण व्हॉल्व्हचे धुणे त्यात आपोआप परत आले. पुढे फोर्डसह इतरांनीही ही वाट धरली. दोन इंजेक्टर महाग पडतात, म्हणून आपल्याकडच्या लहान गाड्यांत ते सहसा येत नाहीत. तेलाच्या वाफेतले तुषार नीट वेगळे करणारा विभाजक, कमी उडणारे तेल, व्हॉल्व्हच्या वेळा थोड्या बदलणे, यांनीही फरक पडतो. पहिल्या पिढीच्या मानाने आजची इंजिने कितीतरी कमी थर धरतात, हे कबूल करायला हवे. पण इंधनाची बाजू आपल्याकडे अंधुक आहे. अमेरिकेत 1995 पासून विकल्या जाणाऱ्या सर्व पेट्रोलमध्ये ठरावीक किमान डिटर्जंट असणे सक्तीचे आहे, आणि ते किमान अपुरे वाटले म्हणून 2004 मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी एकत्र येऊन त्याहून वरचा दर्जा ठरवला. तो पाळणारे पंप तसा फलक लावतात. आपल्या पंपावर दर पैशापर्यंत लिहिलेला असतो, घनता लिहिलेली असते, इथेनॉलचे प्रमाण अलीकडे चर्चेत आले आहे. साध्या पेट्रोलमध्ये डिटर्जंट किती, ही ओळ तिथे नाही. ती लिहायला लावणे पेट्रोलियम मंत्रालयाला अवघड नाही.

आणि तासांचे मीटर. आजच्या मोटारीचा संगणक टायरमधली हवा मोजतो, कुठला दरवाजा उघडा आहे ते सांगतो, चालकाला डुलकी लागते आहे का यावरही काही गाड्यांत नजर ठेवतो. इंजिन किती तास चालले, त्यातले किती जागेवर उभे राहून, हे मोजणे त्याला काहीच नाही. तो आकडा सर्व्हिसिंगच्या आठवणीला जोडला, आणि पुस्तकातली ती बारीक अक्षरांतली नोंद भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांपुरती मुख्य तक्त्यात आणली, तर ऑइल कधी बदलायचे हा वाद उरणार नाही. तोवर ज्याला हिशेब करायचा आहे त्याला एक जुगाड आहे. बहुतेक नव्या गाड्यांच्या ट्रिप मीटरवर सरासरी वेग दिसतो. पुढच्या सर्व्हिसिंगनंतर तो शून्यावर आणायचा आणि वर्षभर हात लावायचा नाही. चाललेल्या किलोमीटरला त्या वेगाने भागले की तास मिळतात. बारामतीकडचा एखादा ट्रॅक्टरवाला तो आकडा ऐकून लगेच विचारील, "मग ऑइल कधी बदललंत?"